डेपोमागच्या गल्लीचा नकार

लॉन्ड्रीवाल्या वहिनींना "नाही" म्हणताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे त्या सगळ्यालाच हो म्हणायच्या असं मुळीच नाही. उलट डेपोमागच्या अख्ख्या गल्लीत त्यांच्याइतका ठाम नकार दुसऱ्या कोणाचा नसेल. फक्त तो तोंडातून यायचा नाही, हातांतून यायचा.

समजा, शाईचा डाग पडलेला शर्ट घेऊन तुम्ही त्यांच्या दुकानात गेलात आणि संध्याकाळपर्यंत हवा म्हणालात. काम होणार असेल तर वहिनी इस्त्री उभी करून ठेवायच्या, मान वर करायच्या आणि म्हणायच्या, "ठेवा." होणार नसेल तर त्यांचे हात चालूच राहायचे. चादरीच्या टोकाला टोक, मधे घडी, परत घडी, वर तळव्याचा एक दाब. तुम्ही बोलत राहा, त्या ऐकत राहणार. चेहऱ्यावर ना राग, ना कंटाळा. दोन-तीन चादरी झाल्या की शहाणा माणूस आपला शर्ट उचलायचा, "बरं, येतो वहिनी," म्हणायचा आणि बाहेर पडायचा. कोणी कोणाचा अपमान केलेला नाही, कोणाचं मन मोडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस रस्त्यात हसून बोलायचा.

आणि ही रीत वहिनींची एकटीची नव्हती. सगळ्या गल्लीची होती. बेकरीवाले भाऊजी नको असलेल्या विषयावर रिकामे ट्रे एकात एक रचायला घ्यायचे. निवृत्त मास्तर चष्मा पुसायचे. कोपऱ्यावरचा कुलूपवाला कानशीवर फुंकर मारत बसायचा. नवा भाडेकरू आला की पहिले काही महिने गोंधळायचा, कोणी काही बोललं नाही म्हणजे चालतं असं समजायचा आणि मग सगळी गल्ली आपल्यावर का फुगली आहे याचा विचार करत बसायचा. हळूहळू त्यालाही कळायचं. इथे गप्प बसणं म्हणजे नाही.

वहिनींना हे सासूने शिकवलं होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा लॉन्ड्री दोघा भावांची होती, सासऱ्यांची आणि धाकट्या चुलत सासऱ्यांची. एका दुपारी भट्टीची जागा बदलायची की नाही यावरून धाकट्याने काही सुचवलं आणि थोरल्याने भर रस्त्यात, चार लोकांसमोर, "नाही म्हणजे नाही" असं सुनावलं. धाकटा तसाच चपला घालून गेला. परत आला नाही. भावाच्या शेवटच्या आजारातही आला नाही. सासूबाईंनी नव्या सुनेला जवळ बसवून सांगितलं होतं की नकार द्यायचा झाला तर हात चालू ठेव, समोरच्याला कळतं. तोंडातून गेलं की ते त्याच्याबरोबर घराबाहेर जातं. वहिनींनी हे इतकं मनावर घेतलं की नवरा गेल्यावर एकटीने दुकान चालवताना, एकुलत्या एका लेकीला वाढवतानासुद्धा त्यांनी तो शब्द वापरला नाही. लेकीने शिकायला दुसऱ्या गावी जायचं म्हटलं, तेव्हा वहिनी टॉवेल घड्या करत होत्या. एकावर एक टॉवेल चढत गेले. लेक खोलीतून बाहेर गेली आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

गल्लीच्या मागे जुना बस डेपो होता. बसेस केव्हाच दुसरीकडे गेल्या होत्या. उरलं होतं तेल प्यायलेलं मोठं मैदान आणि एक भिंत. त्या भिंतीला लागून वहिनींचं मागचं अंगण. भिंतीवरून सकाळी ऊन आत उतरायचं आणि दुपार टळेपर्यंत हलायचं नाही. त्या उन्हावरच लॉन्ड्री उभी होती. इस्पितळाच्या चादरी, दोन लॉजचे टॉवेल, सगळं तिथल्या दोऱ्यांवर कडकडीत वाळायचं. वाळवायचं यंत्र परवडण्यातलं नव्हतं, आणि उन्हात वाळलेल्या चादरीचा वास यंत्राला कुठून यायचा?

त्या मैदानावर आता घरं होणार होती. आठ मजली इमारत, भिंतीपासून हाताच्या अंतरावर. अंगणात दिवसभर सावली पडणार हे सांगायला कोणा इंजिनियरची गरज नव्हती. पण त्याच आराखड्यात खालचे दोन मजले आसपासच्या रहिवाशांसाठी राखून ठेवले होते, कमी भाड्याचे. आणि वहिनींची लेक, तिचा नवरा आणि दीड वर्षाची मुलगी लॉन्ड्रीच्या माळ्यावर राहत होते.

माळा म्हणजे एक खोली. खाली भट्टी पेटली की वाफ फळ्यांमधून वर यायची. भिंती कायम ओलसर, गादी कायम दमट. नात खोकायची. डॉक्टरने औषध लिहून दिलं आणि वर हेही सांगितलं की औषधापेक्षा जागा बदला. जावई छापखान्यात पाळीवर, लेक एका दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायला आणि रोग्यांच्या वेळा लावायला. त्यांच्या ऐपतीत बाहेर जे घर मिळत होतं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. लेकीने नव्या इमारतीसाठी अर्ज केला तो खिडकी उघडल्या दिवशी. आईला सांगितलं. आई त्या वेळी इस्पितळाच्या चादरी मोजत होती. मोजतच राहिली.

नगररचना खात्याच्या बाई गल्लीशी बोलायला आल्या, तेव्हा बैठक लॉन्ड्रीतच झाली, कारण सगळ्यांना मावेल एवढी खोली दुसरी नव्हती. बाई तरुण होत्या, नम्र होत्या आणि आदल्या रात्री नीट झोपलेल्या दिसत नव्हत्या. बरोबर बांधकाम कंपनीचा माणूस होता. त्याने पुठ्ठ्याची इमारत आणली होती, भोवती स्पंजची हिरवी झाडं. ती त्याने इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. पुठ्ठा पेटेल म्हणून वहिनींनी गरम इस्त्री बाजूला सरकवली. त्याला वाटलं, आपलं स्वागत झालं.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. मजले किती, रस्ता कुठून, राखीव घरं किती. मग विचारलं, कोणाला काही हरकत आहे का?

वहिनींनी ढिगातली चादर ओढली. टोकाला टोक, मधे घडी. मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. बेकरीवाले भाऊजी दुकानातून येताना दोन ट्रे घेऊनच आले होते, ते त्यांनी एकात एक बसवले, काढले, परत बसवले. कुलूपवाल्याजवळ कानस नव्हती, तो छताकडे बघत बसला. सगळ्या खोलीने तोंडात गुळणी धरली. बाईंनी पुन्हा एकदा विचारलं. वहिनींनी दुसरी चादर घेतली.

बाईंच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. अशी समजूतदार वस्ती मी पाहिली नाही, असं म्हणून त्यांनी चहाचा कप ठेवला आणि सगळ्यांचे मनापासून आभार मानले.

त्या गेल्यावर गल्ली खुशीत होती. मास्तर म्हणाले, बरं झालं, एकदाचं तोंडावर सांगून टाकलं. भाऊजींना तर वाटलं आपण जरा जास्तच केलं. बिचारी पोरगी होती, एवढं कडक वागायला नको होतं.

काही दिवसांनी डेपोच्या फाटकावर कागद लागला. रहिवाशांशी चर्चा झाली, कोणीही हरकत नोंदवली नाही. मास्तरांनी तो वाचला, परत वाचला, आणि तडक लॉन्ड्रीत आले.

"असं कसं लिहितात? मी एवढा वेळ चष्मा पुसत होतो!"

हसू येण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. वहिनींची इस्त्री एका कॉलरवर क्षणभर जास्त टेकली. त्यांनी वर, माळ्याच्या शिडीकडे पाहिलं. लेक शिडीच्या मधल्या पायरीवर उभी होती, कडेवर मूल. बैठकीच्या दिवशीही ती तिथेच उभी होती. दिवसभर परक्या माणसांशी फोनवर बोलणारी मुलगी ती. तिला गल्लीबाहेरच्या लोकांच्या रीती ठाऊक होत्या.

मास्तर गेल्यावर वहिनींनी विचारलं, "तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"त्या बाईंनी उलटं समजून घेतलंय, हे?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

लेकीने मुलीचं नाक पुसलं. "तूच तर शिकवलंस," ती म्हणाली आणि वर गेली.

मास्तर, भाऊजी आणि आणखी दोघं-तिघं नगररचनेच्या कचेरीत जाऊन आले. बाईंनी त्यांना बसवून घेतलं, ऐकून घेतलं आणि मग काखा वर न करता स्पष्ट सांगितलं की मी दोनदा विचारलं होतं. एक बाई चादरी घडी घालत होत्या असं काही मला लिहिता येत नाही. मात्र अजून एक उघडी सुनावणी बाकी होती. तिथे जे बोललं जाईल ते लिहिलं जाईल, आणि जे लिहिलं जाईल त्यावरून इमारत उंच की बुटकी, पुढे की मागे, होणार की नाही, हे ठरू शकेल. त्यानंतर मात्र काही नाही.

गल्लीने ठरवलं, वहिनींनी बोलायचं. ऊन त्यांचं जाणार होतं. त्यांचं नुकसान डोळ्यांना दिसण्यासारखं होतं. "सांगाल ना वहिनी?" असं विचारलं तेव्हा वहिनींच्या हातात काही नव्हतं, त्या नुकत्याच हात धुऊन आल्या होत्या. त्यांनी तुकडा मोडल्यासारखा एक शब्द तोंडातून काढला. "बघू." गल्लीने तो होकार मानला, आणि का मानू नये? घडी तर पडली नव्हती.

पुढचा आठवडा मास्तर रोज येत होते. चार शब्दांचं वाक्य होतं, "आमच्या गल्लीचा विरोध आहे." वहिनींनी ते इस्त्री करता करता म्हणायचं आणि मास्तरांनी दाराशी उभं राहून ऐकायचं. मोठ्याने म्हणा, शेवटच्या रांगेत पोचलं पाहिजे. परत. आता "विरोध" गिळलात. परत. वहिनींचा आवाज इस्त्रीच्या वाफेइतका निघायचा आणि तसाच विरायचा. गिऱ्हाईकं थांबून बघायची. भाऊजी येऊन म्हणायचे, मास्तर, तुम्ही त्यांना नापास कराल. वहिनी मान खाली घालून परत म्हणायच्या. माळ्याच्या फळ्या ऐकत होत्या. वर मूल खोकायचं, वाक्य मधेच तुटायचं, मास्तर थांबायचे, आणि परत सुरू.

सुनावणीच्या आदल्या दुपारी वहिनी अंगणात चादरी वाळत घालत होत्या. दोऱ्या गच्च भरल्या होत्या, पांढऱ्या भिंतींच्या गल्ल्या झाल्या होत्या त्यांच्या. लेक त्यातून वाट काढत आली. दवाखान्यातून अर्धी रजा घेऊन आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या.

तिने विचारलं की उद्या तू विरोध आहे म्हणणार, हे पक्कं का? वहिनींनी चादर झटकली आणि दोरीवर टाकली.

"आई, उद्या काय बोलायचं ते तू बोल. तुझं अंगण आहे, तुझा धंदा आहे, मी अडवणार नाही. पण मला ते आधी इथे ऐकायचंय. हे घर तुला मिळायला नको, असं माझ्या तोंडावर म्हण."

वहिनींनी चिमटा लावला. पुढची चादर घेतली.

"हात थांबव."

चादर दोरीपर्यंत गेली. लेकीने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि सोडलं नाही. ओल्या कापडातून पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आई एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला, मधे ताणलेली इस्पितळाची चादर. पिळायला उभं राहावं तशा. पण कोणीच पिळेना.

"शिकायला जायचं होतं तेव्हा तू टॉवेल घड्या घातल्यास," लेक म्हणाली. "मी किती वर्षं विचार केला माहितीये? हिला नको होतं की हिला भीती वाटत होती? पैसे नव्हते की मी नको होते? एक शब्द टाकला असतास तर भांडले तरी असते तुझ्याशी."

वहिनींचे ओठ हलले. मास्तरांच्या वाक्याला हलायचे तसेच, आवाजाशिवाय. आतून मुलीचा रडण्याचा आवाज आला. लेकीने टोक सोडलं. चादर सपकन वहिनींच्या पायावर पडली, मातीत. ती परत धुवावी लागली.

सुनावणी पालिकेच्या लांबट खोलीत होती. पुढे टेबल, त्यामागे नगररचनेच्या बाई, बाजूला कंपनीचा माणूस, पुठ्ठ्याची इमारत त्याने याही वेळी आणली होती. गल्ली दोन रांगा भरून बसली. लेक मूल झोपवत मागे दाराशी उभी राहिली. तिच्याकडे वळून बघायचं नाही असं वहिनींनी ठरवलं होतं, आणि न बघताही ती कुठल्या पायावर भार टाकून उभी आहे हे त्यांना कळत होतं.

त्यांचं घर पुकारलं गेलं. वहिनी उभ्या राहिल्या, आणि हातात काही नव्हतं. ना चादर, ना चिमटा, ना इस्त्री. दोन्ही हात पुढे आले आणि हवेतच अडकले. मग त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ पकडली. त्या खुर्चीत मास्तर बसले होते. मान न वळवता, ओठांतल्या ओठांत, त्यांनी पहिला शब्द पुरवला. "आमच्या..."

"माझं अंगण डेपोच्या भिंतीला लागून आहे," वहिनी म्हणाल्या. आवाज शेवटच्या रांगेत पोचला. "इमारत झाली की तिथं ऊन येणार नाही. माझं काम उन्हावर चालतं. ते निम्म्यावर येईल."

मास्तरांची मान समाधानाने हलली. वाक्य वेगळं होतं, पण रस्ता बरोबर होता.

"तरी इमारत व्हावी."

मास्तरांची मान जिथल्या तिथे थांबली.

"माझी लेक माळ्यावर राहते. खाली माझी भट्टी आणि वर तिचं लेकरू खोकतंय. तिला ते घर हवंय. तिला ते मिळावं असं मला वाटतं. उंची कमी करा, मागे सरकवा, कसं करायचं ते तुम्ही बघा. पण करा."

बाईंनी लिहून घेतलं. मग मान वर करून गल्लीला विचारलं की यांच्या म्हणण्याला इतर कोणाची काही हरकत आहे का?

मास्तरांनी चष्मा काढला.

बेकरीवाल्या भाऊजींजवळ ट्रे नव्हते, ते नखांतलं पीठ कोरायला लागले. कुलूपवाल्याची मान छताकडे गेली. दोन रांगा, आणि एकाच्याही तोंडून ब्र नाही. कंपनीच्या माणसाने पेनाला टोपण लावलं. त्याच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं हसू पसरायला लागलं होतं.

बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. तीच शांतता. "बरं," त्या म्हणाल्या आणि पेन कागदावर टेकवलं.

वहिनी अजून उभ्याच होत्या. आता नुसतं खाली बसायचं होतं. बसल्या असत्या तर झालं असतं. बाई पुन्हा तेच लिहिणार होत्या, कोणाचीही हरकत नाही, आणि या वेळी ते लेकीच्या भल्याचं होतं. कोणी वहिनींना खोटं पाडू शकलं नसतं, कारण त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. लेक भिंत सोडून सरळ उभी होती. तिलाही सगळं दिसत होतं. तिने मान हो अशी हलवली नाही, नाही अशीही नाही.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "लिहू नका. ते नाही म्हणताहेत."

बाईंनी विचारलं, कोण?

"सगळे."

"कोणी तोंड उघडलेलं नाही हो," कंपनीचा माणूस म्हणाला.

"तेच तर. मागच्या वेळी पण नाहीच म्हणाले होते. मास्तर चष्मा पुसताहेत म्हणजे त्यांचा विरोध आहे. भाऊजींचा आहे. सगळ्यांचा आहे. हो म्हणणारी मी एकटी आहे. तसं लिहा."

बाई पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. चेष्टा चालली आहे का, हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी दोन्ही रांगांवरून नजर फिरवली. भिंग आणि सदऱ्याचं टोक हातात तसंच धरून बसलेले मास्तर पाहिले, नखं पाहणारे भाऊजी पाहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. पहिल्या बैठकीतल्या चादरी त्यांना आठवल्या असाव्यात.

"मला चष्मा पुसणं लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी थांबते. ज्याचं त्याने बोलावं."

थांबणं लांबलं. मूल जागं होऊन कुरकुरलं. शेवटी भाऊजी उठले, बसले, परत उठले आणि ततपप करत म्हणाले की विरोध म्हणजे तसा विरोध नाही, पण पहाटे पावाची गाडी गल्लीतून निघते, तिथे तुमचे ट्रक उभे राहिले तर आम्ही काय करायचं? ते लिहिलं गेलं. लिहिलं गेलेलं पाहून त्यांना जोर चढला आणि त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मग एकेक जण उठला. कोणाला पाण्याची धास्ती, कोणाला आठव्या मजल्यावरून आपल्या खिडकीत बघणाऱ्या डोळ्यांची. कुलूपवाला उठला तेव्हा छताकडे बघतच म्हणाला की त्यानेही अर्ज भरलाय. त्याने कोणाचं घर फोडल्यासारखी गल्ली त्याच्याकडे वळली. दुकानातच झोपतो मी, तो म्हणाला, पाठ धरते. एवढं बोलून बसला.

मास्तर सर्वांत शेवटी उठले. आठवडाभर दुसऱ्याला शिकवलेलं वाक्य त्यांनी स्वतः म्हटलं, आणि "विरोध" गिळला. बाईंनी परत विचारलं. "विरोध आहे," मास्तर म्हणाले. "माझा. गल्लीचं मला माहीत नाही."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला राहायला नको. हुकूम आला तो बऱ्याच महिन्यांनी. इमारत होणार, पण गल्लीच्या बाजूला चारच मजले, भिंतीपासून मागे, ट्रक दुसऱ्या रस्त्याने. मजले उतरले तशी राखीव घरंही कमी झाली. सोडतीत कुलूपवाल्याचं नाव निघालं. लेकीचं त्या वेळी निघालं नाही. कोणीतरी घर नाकारलं तेव्हा मागाहून निघालं, तोवर आणखी एक हिवाळा नातीने माळ्यावर खोकून काढला होता. ऊन अंगणात निम्मं येतं.

पण त्या दुपारी यातलं कोणालाच काही माहीत नव्हतं. पालिकेच्या पायऱ्यांवर गल्ली घोळक्याने उभी होती आणि वहिनी बाहेर आल्यावर घोळक्याने थोडी वाट दिली, नको तेवढी मोठी. मास्तर खालच्या पायरीवर आडवे आले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आमच्या वतीने नाही म्हणायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच," वहिनी म्हणाल्या. "आठवडाभर."

भाऊजींना ठसका लागला. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की तुम्ही गल्लीचा विश्वासघात केलात, आणि चार लोकांत आमचा पाणउतारा केलात. वहिनींनी सांगितलं की पहिलं खरं असेल, दुसरं नाही. तो शब्द तोंडातून गेला आणि दोघंही क्षणभर दचकले. मग मास्तर शब्दाला शब्द देत राहिले, वहिनीही देत राहिल्या, कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून पुढे, भर रस्त्यात, लोक वळून बघत असताना. बेकरीपाशी मास्तर म्हणाले की उद्या मी माझे कपडे दुसरीकडे देणार. वहिनी म्हणाल्या, "द्या." ते तरातरा निघून गेले. परत येतील की नाही, वहिनींना सांगता आलं नसतं. त्या बेकरीच्या कट्ट्याला टेकून उभ्या राहिल्या.

लेक सगळी वाट चार पावलं मागून चालत आली होती. तिने मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढून आईला दिली. वहिनी घटाघटा प्यायल्या. लेक गप्प होती. घरापर्यंत गप्प, कुलूप काढताना गप्प. भट्टी थंड होती. दुकानात ओल्या कापडाचा वास कोंडला होता. वहिनींनी तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. सगळ्या गल्लीचं गप्प बसणं त्यांना वाचता यायचं, कोणाचा चष्मा, कोणाचे ट्रे. या एका गप्प बसण्याचा अर्थ मात्र काही केल्या लागेना. राग गेला की वाढला? घर हातचं घालवलं असं वाटतंय का हिला?

टेबलावर घडी घालायच्या चादरींचा ढीग होता. हात तिकडे गेला. वहिनींनी तो मागे घेतला.

"काय ते बोल की," त्या म्हणाल्या.

लेक शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. मुलीला मांडीवर घेतलं.

"ऊन गेल्यावर तू काय करणार आहेस, आई?"

"बघू."

"बघू नको. सांग."

वहिनी उभ्याच होत्या. मागच्या दारातून अंगण दिसत होतं, दोऱ्या रिकाम्या होत्या आणि भिंतीच्या वरच्या कडेवर अजून ऊन होतं.

"माहीत नाही मला," त्या म्हणाल्या. "भीती वाटते."

लेकीने सरकून पायरीवर जागा केली.